बोलणे तुटले की हिशेब बुडतो
(सणसर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सणसर हे गाव सरकारदरबारी इंदापूर तालुक्याचे असले तरी त्याचा संसार बारामती आणि इंदापूर ह्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे. बाजारहाट बारामतीला, कचेरीचे काम इंदापूरला, ऊस शेजारच्या भवानीनगरच्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याला आणि पाणी नीरा डाव्या कालव्याचे. खडकवासला प्रकल्पाचे पाणी नीरा डाव्या कालव्याकडे आणणाऱ्या जोडाला तर ह्या गावाचेच नाव पडले आहे. ‘सणसर कट’चे पाणी पुरतेपणी मिळत नाही, ही तालुक्याची जुनी तक्रार आहे. शेती, पाणी, सहकार आणि सत्ता यांचे इतके धागे जेथे एका गाठीत येतात, तेथे फूट पाडणारे नेतृत्व समाजाचे काय करते, ह्या प्रश्नाचा विचार मोघमपणे करण्याचे कारण नाही. तो गावाच्या अनुभवावरूनच करता येतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. समाजवादी विचाराच्या माणसाला संघर्षाचे वावडे असण्याचे कारण नाही. जमीनदार आणि कूळ, कारखाना आणि ऊसतोडणी मजूर, सवर्ण आणि दलित यांचे हितसंबंध भिन्न आहेत, हे सांगणे म्हणजे फूट पाडणे नव्हे. ती फूट समाजात असतेच. कार्यकर्ता ती उघड करतो आणि तिच्यावर उपाय मागतो. फूट पाडणाऱ्या नेतृत्वाची रीत वेगळी असते. ते प्रश्नाचे नाव घेत नाही, शत्रूचे नाव घेते. संघर्षात मागणी असते, आणि मागणी असली की वाटाघाट संभवते. शत्रुत्वात मागणीच नसल्यामुळे वाटाघाट कशाची करायची हेच उरत नाही. ह्या दोहोंतला भेद कार्यकर्त्याच्या मनात पक्का नसेल, तर एक तर तो सौजन्याच्या नावाखाली अन्यायावर पांघरूण घालील, नाही तर लढ्याच्या नावाखाली शिवीगाळ करील.

बारामती मतदारसंघाच्या इतिहासात एकाच घराण्यातील दोन प्रसंग ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. केशवराव जेधे यांच्या निधनामुळे १९६० साली बारामती लोकसभेची पोटनिवडणूक झाली. काँग्रेसने गुलाबराव जेधे यांना उभे केले. त्यांच्या विरोधात शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने वसंतराव पवार उभे राहिले. घर शेकापच्या विचारांचे. परंतु धाकटे बंधू शरद पवार त्या वेळी विद्यार्थीदशेत काँग्रेसचे काम करीत होते आणि त्यांनी थोरल्या भावाच्या विरोधात प्रचार केला. ‘लोक माझे सांगाती’ ह्या आत्मकथनात त्यांनी हा प्रसंग नोंदविला असून, थोरल्या भावाने त्यांची अडचण ओळखून पक्षाचे काम करण्यास मोकळीक दिली, असे त्यावरून दिसते. वसंतराव पराभूत झाले. घर मोडले नाही.

दुसरा प्रसंग २०२४ चा. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष फुटला, फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व घड्याळ ही खूण अजित पवार यांच्या गटाला दिली आणि त्या उन्हाळ्यात बारामतीत नणंद-भावजय परस्परांविरुद्ध उभ्या राहिल्या. सुप्रिया सुळे सुमारे १ लाख ५८ हजार मतांनी निवडून आल्या. पुढे नोव्हेंबरात विधानसभेला त्याच बारामतीत अजित पवार यांनी त्यांचे पुतणे युगेंद्र पवार यांचा सुमारे १ लाख मतांनी पराभव केला. इंदापुरात त्याच वेळी दत्तात्रय भरणे व हर्षवर्धन पाटील यांची लढत होती. मतदारांनी सहा महिन्यांत दोन निरनिराळे कौल दिले, म्हणजे त्यांचा विवेक जागा होता. परंतु ह्या दोन निवडणुकांच्या दरम्यान जे बोलले गेले, त्याचा विषय काय होता? पक्ष खरा कोणाचा, थोरल्यांना कोणी दुखावले, घरातून कोण बाहेर गेले. १९६० च्या प्रचारामागे संयुक्त महाराष्ट्राचा आणि सीमाभागाचा प्रश्न होता. त्यावर एका घरातील दोन भाऊ दोन मते बाळगू शकत होते, कारण मत प्रश्नाविषयी होते. २०२४ साली दुधाचा भाव, उसाची बिले, कालव्याचे आवर्तन हे विषय तोंडी लावण्यापुरते उरले. प्रश्न निष्ठेचा झाला, आणि निष्ठेच्या बाबतीत मतभेदाला जागा नसते. तेथे एक तर निष्ठावंत असतो, नाही तर गद्दार.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या पाडव्याला बारामतीत दोन मेळे भरले, एक गोविंदबागेत आणि एक काटेवाडीत. वरच्या पातळीवर तो कौटुंबिक विषय असेल. गावच्या कार्यकर्त्यापुढे मात्र त्या सकाळी खरा पेच होता. त्याने वर्षानुवर्षे ज्या घराला नमस्कार केला, त्या घराचे दोन उंबरे झाले होते. कोणत्या उंबऱ्यावर तो दिसला, हे कोणीतरी पाहणार होते. सणाचा नमस्कारही जेव्हा हजेरीपटावर जातो, तेव्हा राजकारण सार्वजनिक जीवनाच्या कक्षेबाहेर पडून माणसाच्या अंगणात शिरले आहे, असे म्हणावे लागते.

अंगणात शिरलेले राजकारण कोणते रूप घेते, हे कोणत्याही गावात पाहावयास मिळते. दूध संकलन केंद्रावर सकाळी रांगेत उभे राहणारी दोन माणसे एकमेकांशी चकार शब्द काढीत नाहीत. दहाव्याला कोण आले आणि कोण आले नाही, यावरून गट ओळखले जातात. लग्नपत्रिकेत कोणाचे नाव आधी छापायचे, ह्यावरून भावकीत बोलाचाली होते. सप्ताहाच्या वर्गणीची दोन पावतीपुस्तके निघतात. तरुणांच्या मोबाइलवर जे गट असतात, त्यांत आजोबांच्या वयाच्या माणसाला एकेरीत संबोधले जाते, आणि जो ते थांबवू पाहतो त्याला तू कोणाच्या बाजूचा, असे विचारले जाते. ह्यांतील एकही गोष्ट फौजदारी गुन्हा नाही. म्हणूनच त्यांची नोंद होत नाही. परंतु सोसायटी, पाणीवापर संस्था, दूध संघ, शाळा समिती ह्या साऱ्या संस्था ज्या साध्या विश्वासावर चालतात, तो ह्याच ठिकाणी झिजत जातो.

नेत्याच्या तोंडच्या शब्दाचे मोल येथे लक्षात येते. एप्रिल २०१३ मध्ये, भीषण दुष्काळाच्या दिवसांत, इंदापूर तालुक्यातीलच निंबोडी येथील सभेत तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी उजनीच्या पाण्यासाठी मुंबईत उपोषणाला बसलेल्या सोलापूरच्या शेतकरी कार्यकर्त्याची जी टवाळी केली, ती महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. ते शब्द येथे पुन्हा उच्चारण्याची गरज नाही. त्यानंतर त्यांनी जाहीर क्षमा मागितली आणि कऱ्हाडला यशवंतराव चव्हाण यांच्या समाधीपाशी बसून एक दिवसाचे आत्मक्लेश उपोषण केले. समाजाच्या दृष्टीने दोन्ही गोष्टींची नोंद घेतली पाहिजे. सत्ताधाऱ्याने तहानलेल्या माणसाची थट्टा करावी, हे सार्वजनिक सभ्यतेचे पतन होते. परंतु लोकमताच्या रेट्याने का होईना, उपमुख्यमंत्र्याला क्षमा मागावी लागते, ह्याचा अर्थ त्या वेळी लोकांच्या मनात सभ्यतेची एक रेषा शाबूत होती. गेल्या काही वर्षांत ती रेषाच पुसट होत चालली आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर आमदार एकमेकांना भिडले. जुलै २०२५ मध्ये विधानभवनाच्या आवारात दोन आमदारांच्या समर्थकांत हाणामारी झाली. जे विधानभवनात घडते, ते ग्रामसभेत घडू नये अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

जातीच्या नावाने पडणारी फूट अधिक खोल जाते. ९ डिसेंबर २०२३ रोजी इंदापुरात ओबीसींचा मेळावा झाला. त्याच दिवशी दूध उत्पादकांच्या आंदोलनस्थळी गेलेल्या आमदार गोपीचंद पडळकर यांच्या दिशेने चप्पल भिरकावण्यात आली आणि शहरात तणाव निर्माण झाला. ह्या घटनेतील विसंगती डोळ्यांत भरणारी आहे. आंदोलन दुधाच्या भावाचे होते. दूध घालणारा मराठा आहे की धनगर, माळी आहे की मुसलमान, हे पाहून फॅटची टक्केवारी लागत नाही. भाव पडला तर तो सर्वांचाच पडतो. पण त्या दिवसानंतर इंदापूरची बातमी दुधाची राहिली नाही, ती चपलेची झाली. पुढे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर बीड जिल्ह्यात अमुक जातीच्या दुकानातून माल घेऊ नका, अशी आवाहने फिरल्याच्या वार्ता आल्या. किराणा दुकानातील उधारीची वही ही गावातील सर्वांत जुनी पतसंस्था होय. तिच्यावर जातीची रेघ ओढली गेली, तर पोटाला चिमटा बसतो तो दोन्ही बाजूंच्या गरिबाला.

हा राग हवेतून येत नाही. त्याची आर्थिक मुळे पाहिली पाहिजेत. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी वहितीचे क्षेत्र ४.२८ हेक्टर होते; २०१५-१६ साली ते १.३४ हेक्टरवर आले. दोन पिढ्यांत शेत तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी झाले. त्या शेतावरील मुलगा शिकला, पण त्याला सामावून घेणारी नोकरी वाढली नाही. अशा वेळी आरक्षण हाच एक उघडा दरवाजा आहे, असे त्याला वाटते. मराठा समाजासाठीचा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द ठरविला. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहा टक्क्यांचा नवा कायदा झाला. धनगर समाजाला २०१४ साली बारामतीच्या उपोषणस्थळी अनुसूचित जमातीच्या सवलतींचे आश्वासन मिळाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यासंबंधीच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळल्या. ज्यांनी आश्वासने दिली ते सत्तेवर आले, आणि ज्यांना ती दिली ते एकमेकांसमोर उभे राहिले. सरकारी जागा किती निर्माण झाल्या, किती रिक्त आहेत, किती कंत्राटावर गेल्या, हा जो सर्वांचा समान प्रश्न, तो विचारण्याची उसंतच कोणाला मिळाली नाही. रोजगार निर्माण करण्यास भांडवल, नियोजन आणि वर्षे लागतात. शत्रू एका भाषणात निर्माण होतो. फूट पाडणे हा नेतृत्वाला स्वस्तात पडणारा व्यवहार आहे.

सहकाराच्या क्षेत्रात ह्याच व्यवहाराचे दुसरे रूप दिसते. पॅनेलच्या विरोधात गेलेल्या सभासदाच्या उसाची तोड लांबते, ही साऱ्या साखरपट्ट्यातील जुनी तक्रार आहे. तोड लांबली की उसाला तुरे येतात, वजन घटते, पुढच्या पिकाचा हंगाम हुकतो. सभासदाला कोणी धमकी द्यावी लागत नाही. शेतात उभा असलेला ऊसच त्याला गप्प बसवतो. मग वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय वाचला जाताच ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो आणि ताळेबंदावर प्रश्न विचारू पाहणाऱ्याच्या हातातील ध्वनिक्षेपक बंद पडतो. मत तुमच्या हाती, निधी आमच्या हाती, ही भाषा आज सर्वच पक्षांच्या व्यासपीठांवरून ऐकू येते. ती ह्याच भीतीचे सरकारी भाषांतर आहे. सभ्यता आणि निर्भयता ह्या वेगळ्या गोष्टी नाहीत. घाबरलेला माणूस वर नम्र वागतो आणि खाली, आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसावर, तो राग काढतो.

बोलणे तुटल्याची सर्वांत मोठी किंमत ही की हिशेब बुडतो. एप्रिल-मे २०२१ मध्ये उजनीतून ५ टीएमसी पाणी इंदापूरला देण्याच्या आदेशावरून सोलापूर जिल्हा पेटला आणि तो आदेश मागे घेण्यात आला. इंदापूरची बाजू अशी, की ह्या तालुक्याची गावे उजनीत बुडाली आणि तरी शिवारे कोरडी राहिली. सोलापूरची बाजू अशी, की धरणाचे पाणी आधीच वाटले गेले आहे. दोन्ही बाजूंत तथ्य होते. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यांतील उपयुक्त साठा सुमारे ५४ टीएमसी. ह्यांपैकी किती उसाला जाते, किती पिण्याला, किती कालव्यात मुरते, वरून येणारे सांडपाणी किती, हे आकडे दोन्ही जिल्ह्यांतील शेतकऱ्यांपुढे एका मंचावर मांडले गेले असते, तर वाद संपला नसता, पण शहाणा झाला असता. तसे झाले नाही. पाणी हा जिल्ह्याच्या अस्मितेचा विषय झाला, आणि अस्मितेला टीएमसीत मोजता येत नाही.

पूर्वी सारे काही सोज्वळ होते, असे मात्र कोणी समजू नये. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ साली ह्याच पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव जुलै १९७८ मध्ये झाल्यावर दलित वस्त्यांवर हल्ले झाले आणि त्या नामविस्ताराला जानेवारी १९९४ उजाडावा लागला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांच्या लेखणीने विरोधकांना रक्तबंबाळ केले होते. तेव्हा जुन्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण त्याच काळात वेगळे वागणारी माणसेही होती, आणि त्यांचे वागणे शिकण्यासारखे आहे. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले. त्याआधी कित्येक महिने ते गावोगाव फिरून विरोधकांची मने वळवीत होते. नोव्हेंबर १९५७ मध्ये पंडित नेहरू प्रतापगडावर शिवस्मारकाच्या अनावरणासाठी आले, तेव्हा एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली संयुक्त महाराष्ट्र समितीने प्रचंड निदर्शने केली. लोकांचा संताप टोकाला गेलेला असूनही ती शांततेने पार पडली. मागणीत तसूभर तडजोड नव्हती.

अलीकडची आणि जवळची उदाहरणेही आहेत. शेजारच्या सांगोल्यातून गणपतराव देशमुख अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले. ते धनगर समाजाचे म्हणून त्यांना सर्व जातींनी मते दिली असे नव्हे. आटपाडीच्या पाणी परिषदांतून त्यांनी नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर यांच्याबरोबर दुष्काळी तालुक्यांना एका मागणीखाली आणले होते. पाणी भूमिहीनासह प्रत्येक कुटुंबाला समन्यायाने मिळावे, अशी ती मागणी होती. पुणे जिल्ह्यातच पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिच्यात पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता माणशी ठरला आणि उसाला मनाई झाली. ज्या क्षणी वाटपाचा नियम सर्वांना ठाऊक झाला, त्या क्षणी शेजाऱ्याविषयीचा संशय कमी झाला. सौजन्य हे उपदेशाने येत नाही. ते न्याय्य आणि उघड नियमाच्या सावलीत वाढते.

ह्याचा अनुभव सणसरला दरवर्षी येतो. तुकोबांची पालखी येथे मुक्कामाला असते. काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचे रिंगण होते, पुढे बेलवाडीला गोल रिंगण. हजारो माणसांना जेवू घालण्याचे, पाणी पुरविण्याचे, झोपण्यास जागा देण्याचे काम ह्या गावाचे दोन्ही-तिन्ही गट मिळून पार पाडतात, कारण कोणाचे काय काम हे ठरलेले असते. एका रात्रीच्या ह्या ऐक्याने जातीचा वा जमिनीचा प्रश्न सुटत नाही, हे खरे. पण ज्या गावाला हे जमते, त्याला ग्रामसभा नीट चालविणे जमणार नाही, असे म्हणता येणार नाही.

मग कार्यकर्त्याने काय करावे? वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. तेथे प्रथम आकडे वाचले जावेत आणि मग भाषणे व्हावीत, असा आग्रह त्याने धरावा. कारखान्याच्या सभेत ज्याला बोलू दिले जात नाही, तो विरोधी गटाचा असला तरी त्याच्या बोलण्याच्या हक्कासाठी उभे राहावे. तोडणीची यादी फलकावर लागावी, आवर्तनाचे वेळापत्रक पाणीवापर संस्थेत वाचले जावे, ह्या मागण्या लहान दिसतात. परंतु त्यांनी भीतीचे मूळ कापले जाते. विरोधकाच्या दुःखाच्या प्रसंगी गेले पाहिजे, आणि गेल्याबद्दल आपल्या गटाने जाब विचारला तर तो दिला पाहिजे. सर्वांत अवघड काम हे, की आपल्याच व्यासपीठावरून हीन शब्द उच्चारला गेला, तर प्रथम आक्षेप आपल्याच माणसाने घ्यावा. विरोधकाने घेतलेला आक्षेप हा प्रचार ठरतो. सहकाऱ्याने घेतलेला आक्षेपच वक्त्याला थांबवतो. राजकारणातील भक्ती अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. टाळ्या न वाजविण्याचे धैर्य, हा त्या इशाऱ्याचा गावपातळीवरील अर्थ आहे.

नेते येतात आणि जातात, पक्ष फुटतात आणि एक होतात. ज्यांनी निवडणुकीत एकमेकांचे तोंड पाहिले नाही, ते पुढच्या हंगामात एका पॅनेलमध्ये बसलेले दिसतात. मागे राहतात ते एकाच चारीवर पाणी धरणारे दोन शेतकरी. त्यांच्या बांधावरचा अबोला मिटविण्यास कोणताही नेता येणार नाही. ते काम स्थानिक कार्यकर्त्याचे आहे, आणि येत्या आवर्तनाच्या आधी त्याचा आरंभ करता येईल.